भिंतीवरचं जहाज

निघायच्या आदल्या दिवशी मायनं विचारलं, "बाबू, जहाज कसं रायते रे?"

मी तोवर जहाज पाहिलंच नव्हतं. पण इटलीला चित्रकला शिकायला निघालेल्या माणसानं "माहीत नाही" म्हणायचं म्हणजे काय! दाराशेजारच्या भिंतीवर गेरू आणि काजळीनं मी तिला जहाज काढून दाखवलं. खाली बंडीची साटी (बैलगाडीचा सांगाडा), वर कापसाच्या जिनिंग कारखान्यावर असतं तसं धुराडं आणि टोकाला टोपी घालून बसलेला मी. बोरी अरबच्या आमच्या वस्तीतली सगळी माणसं ते बघून गेली.

"इतलं मोठं पाण्यावर तरंगते?" शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"तरंगते नाही त काय!" मी ठोकून दिलं.

आम्ही दीक्षा घेतली त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. त्याच वेळी बाबांनी गावकीची कामं सोडली आणि मायनं लोकांची घरं पोतारणं (भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देणं) सोडलं. गावातल्या निम्म्या घरांच्या बाहेरच्या भिंती तिच्या हातच्या होत्या. आतल्या भिंतींपर्यंत मात्र तिला कधी कोणी नेलं नाही. आता ती फक्त आपलंच घर पोतारायची, आणि असं पोतारायची की बोट ठेवायला संकोच वाटावा.

दारव्ह्याहून छोटी गाडी, मूर्तिजापूरहून मोठी, आणि मुंबईच्या गोदीत खरं जहाज. ते पाहताच मी मनातल्या मनात माझं जहाज खोडून टाकलं. धुराडं तेवढं बरोबर निघालं. एडनपर्यंत मी आडवाच होतो. पोटात काही ठरत नव्हतं, आणि सरकारी शिष्यवृत्ती घेऊन निघालेला हा कलावंत बादलीला मिठी मारून पडला होता. सुवेझच्या कालव्यात पाणी शांत झालं तेव्हा उठलो, आणि नेपल्सला उतरताना पुन्हा कॉलर ताठ केली.

फ्लोरेन्समध्ये पहिला धक्का दिला तो पावानं. तिथला पाव अळणी! मी पाववालीला खुणेनं विचारलं, मीठ विसरलात का? ती एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्यानं खुणा करत म्हणाली, "मीठ पावात नसतं, पावाबरोबरच्या पदार्थात असतं." मग माझ्याकडे पदार्थांची काय वाण! मायनं दिलेली जवसाची चटणी काढली. घरमालकीणबाईंनी चिमूटभर चाखली, डोळ्यांत पाणी आणलं आणि उरलेला दिवस माझ्याकडे आदरानं पाहिलं.

शाळेत मला फ्रेस्कोच्या (ओल्या गिलाव्यावर काढायच्या चित्राच्या) वर्गात घातलं. मास्तरांना तिथे 'माएस्त्रो' म्हणतात, म्हणजे ऐकायला आपले मास्तरच. आमचे माएस्त्रो सत्तरीचे होते, उंच आणि कमी बोलणारे. आठव्या दिवशी त्यांनी मला एका भिंतीपुढे उभं केलं. तिच्यावर जैतुनाची फळं तोडणाऱ्या बायका रंगवलेल्या होत्या. ते बरंच काही बोलले. त्यातलं 'पारेते' म्हणजे भिंत आणि 'तुआ' म्हणजे तुझी, एवढं मला समजलं.

मला आणखी काय समजायचं होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो, बारीक वाळू चाळून चुन्यात कालवली आणि हातानंच भिंत पोतारून काढली. आमच्याकडे सणाआधी भिंतीवर काहीही असो, आधी हात फिरतो. जुन्याला कोणी विचारत नाही. बायका बऱ्या जमल्या होत्या, म्हणून त्यांच्या तोंडावरून हात जरा हळू फिरवला, एवढंच.

मग एलेना आली. दुसऱ्या वर्षाची ग्रीक मुलगी. भिंत तिची होती, तीन महिन्यांची मेहनत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि भिंतीकडे नुसती बघत राहिली. माएस्त्रोंच्या बोलण्यातले राहून गेलेले शब्द वर्गातल्या एका मुलानं मला तेव्हा इंग्रजीत सांगितले. 'हिची नक्कल कर, मग पलीकडची कोरी भिंत तुझी.'

गिलावा ओला होता म्हणून निभावलं. आम्ही दोघांनी दिवसभर पाण्यानं आणि स्पंजानं तो उतरवला. ओल्यात रंगवलेलं सगळं खालून जसंच्या तसं निघालं. फक्त बायकांच्या घागऱ्यांचा निळा रंग एलेनानं भिंत वाळल्यावर चढवला होता, तो वाहून गेला. ती माझ्याशी दहा दिवस बोलली नाही.

संध्याकाळी माएस्त्रोंनी बोलावलं, दुभाष्या म्हणून त्या मुलालाही. शाळेत ठेवायचं की परत पाठवायचं, हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी माझा गिलावा उतरवण्याआधी त्यावर तळवा फिरवून पाहिला होता.

"असा हात कोणी शिकवला?"

"आईनं."

"मग हे सत्र तू सगळ्यांच्या भिंती तयार कर. तुझी शिक्षा तीच."

माझं डोकं फिरलं. चूक माझी होती, शिक्षा मला हवीच होती, पण ही नको. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी म्हणालो, "माझी आई जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती पोतारत आली. ते काम आम्ही सोडलं आहे. मला परत पाठवा, पण मी ते करणार नाही."

 मी खोलीवर येऊन पेटी भरली. बोरीला तोंड कसं दाखवायचं, याचीच चिंता होती.

सकाळी पेटी घेऊनच वर्गात गेलो. माएस्त्रो कोऱ्या भिंतीपुढे उभे होते, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि मागे सगळा वर्ग, तो दुभाष्याही. एलेनाही होती. त्यांनी चुन्याचं घमेलं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "इथे ज्याची भिंत, त्यानंच ती तयार करायची. मी काल चुकीचं बोललो. आम्हाला शिकव." आणि स्वतः चुन्यात हात घातला. मी त्यांचा हात धरून तिरपा केला, माय माझा करायची तसा. एवढा आनंद मला पुढे पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही.

चार वर्षांनी परतलो. दारव्ह्याहून बंडीनं बोरी गाठली. घर लख्ख पोतारलेलं होतं, अंगण सारवलेलं. फक्त दाराशेजारची भिंत धुरानं काळवंडली होती, पोपडे निघाले होते, आणि मधोमध माझं ते बंडीच्या साटीचं जहाज. इतकं वाईट जहाज मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

"माय, हे भिंत काहून सोडली वं? चार वर्षं हात नाही लावला?"

"कशी पोतारू?" माय म्हणाली. "तू त्याच्यात बसला होता ना बाबू. मले का पोहता येते?"

 दुसऱ्याचं तीन महिन्यांचं चित्र मी सकाळच्या एका तासात पुसायला निघालो होतो. आणि जुन्याला कधी न विचारणाऱ्या माझ्या मायनं, सगळी वस्ती हसत असताना, एक भिंत चार वर्षं मळकी ठेवली होती.

तिनं आतून पांढऱ्या मातीचं गाडगं आणलं. "आता उतरला ना? घे, मार हात."

मी तळवा मातीत बुडवला, भिंतीपर्यंत नेला, पण तो पुढे सरकेना. तेव्हा मायनं हसून माझं मनगट धरलं, हात तिरपा केला आणि धुराड्यापासून सुरुवात केली.