नानाच्या घरचे रोट

धुळ्याच्या मोजणी कचेरीत नकाशांच्या खोलीत आम्ही तिघे बसत असू. खिडकीपाशी चाचा; ते बऱ्हाणपूरकडचे, वयानं आणि हुद्द्यानं आमच्यात थोरले. मधल्या टेबलाशी नाना, पांझरेकाठच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आणि दाराशी मी, रत्नागिरीकडून नुकताच आलेला, अंगानं काडी आणि तोंडानं तिखट. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा पाच-सहा वर्षं होती. त्या खोलीत मी जेमतेम दोन वर्षं काढली. पुढे नोकरी खूप वर्षं केली, पण कचेरी म्हटलं की मला तीच खोली आठवते.

एक नकाशा आमच्या तिघांच्या हातून जाई. नाना शेतात हिंडून बांध, नाले, विहिरी मोजून पेन्सिलीनं काढून आणी, चाचा त्यावर शाईची रेघ ओढत, आणि गावांची नावं घालायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं. शुक्रवारी चाचा नमाजाला गेले की नाना त्यांच्या टेबलाशी जाऊन बसे आणि ओल्या शाईवर माशी बसू नये म्हणून पुठ्ठ्यानं वारा घालत राही. रमजानात तो पाणी प्यायला बाहेर ओसरीवर जाई. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र चाचांच्या समोरच पेला तोंडाला लावत असे, आणि त्यात काही वावगं आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

पण गर्व बघाल तर माझाच मोठा. घरचं सोवळंओवळं मी गावाकडे टाकून आलो होतो. दुपारी सतरंजीवर तिघांचे डबे उघडले की मी सगळ्यांच्या डब्यांत हात घालायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो. माझा डबा खाणावळीचा, त्यात बघण्यासारखं काही नसे. नानाच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, हिवाळ्यात वांग्याचं भरीत. मी भातासाठी हळहळलो की तो म्हणे, "भात आजारी मानूसनं खानं शे, भाऊ. भाकरी खाय, अंगले लागी." आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे सारी. परगावी, एकट्या खोलीत राहणाऱ्या माणसाला ती अर्धी भाकरी काय होती, ते मी आता सांगू शकतो. तेव्हा एकदाही सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिकडे घरोघर कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोचवतात. नाना दोन दिवस गावी होता. मंगळवारी आला आणि दुपारी सतरंजीवर न बसता आपल्या टेबलाशीच, भिंतीकडे तोंड करून डबा उघडला. मी गेलो आणि नेहमीसारखा हात घातला. डब्यात गव्हाच्या जाड पोळ्या होत्या. त्यानं झटकन डबा मागे ओढला.

"नको भाऊ. आज नही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वर्षभर माझा हात चालला आणि आज तुझी देवी बाटते होय?" मी मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या खोलीतले दोघे कारकून दारात येऊन बघू लागले.

नानाचा चेहरा उतरला. "तसं नही, भाऊ. घरना रोट शेत," एवढंच तो म्हणाला. रोट म्हणजे काय, हे विचारायला मला एक शब्द पुरला असता. पण मी स्वतःला फार सुधारलेला समजत होतो, आणि तसल्या माणसाला प्रश्न विचारायची सवय नसते.

त्या दिवसापासून मी माझा डबा खोलीवर जाऊन खाऊ लागलो. नानाला मी 'तू' म्हणत असे, तो 'तुम्ही' झाला. त्यानं दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. मी नकाशातून मान वर केली नाही. चाचा एकदा म्हणाले, "अरे बाबा, मेरा डबा अलग, उसका अलग, तेरा अलग. साथ बैठते थे वो बात बड़ी थी." मी त्यांचंही ऐकून घेतलं नाही. बदलीसाठी अर्ज केला आणि दिवाळीनंतर जळगावला गेलो. गाडी सुटताना नाना धावत आला, टोपलीभर वांगी खिडकीतून आत दिली आणि फलाटावर उभा राहिला. मी टोपली बाकाखाली सरकवली.

जळगावची कचेरी मोठी, माणसं बरी, पण दुपार झाली की मला धुळ्याची सतरंजी आठवे. पुढच्या श्रावणात नानाचं कार्ड आलं. ‘रविवारी आमच्याकडे कानबाई आहे. सोमवारपर्यंत रहा. नक्की ये.’ मी ते चारदा वाचलं. जावंसं फार वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मनात आलं, हा मला दारात बसवून वेगळं पान वाढणार. मी गेलो नाही, उत्तरही टाकलं नाही.

त्यानंतर आणखी एक वर्ष गेलं आणि पुन्हा श्रावण आला. जळगावच्या कचेरीतला एक पारोळ्याकडचा कारकून तसाच कोपऱ्यात बसून जेवत होता. या वेळी मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि त्याचे रोट करायचे. ते भाऊबंदांनीच खायचे, उरले तर टाकायचे नाहीत, बाहेर द्यायचे नाहीत. आमच्या घरी सासरी गेलेल्या बहिणीलासुद्धा देत नाहीत. ती काय परकी आहे? पण रीत आहे."

सख्ख्या बहिणीलासुद्धा देत नाहीत, आणि मी नानाला देवी बाटते का म्हणून विचारलं होतं. मला तिथंच बसवेना. दोन दिवसांची रजा घेतली आणि चाळीसगावला गाडी बदलून धुळे गाठलं. वाटभर नानाला काय म्हणायचं ते जुळवत होतो. पहिला शब्द 'तू' म्हणायचा, एवढं ठरलं होतं.

कचेरीत मधल्या टेबलाशी दुसराच कुणी बसला होता. चाचा उठले, माझा हात धरून ओसरीवर घेऊन गेले. नाना फाल्गुनात विषमज्वरानं गेला होता.

मी त्याच्या गावी गेलो. त्याची माय ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी कोण ते सांगितलं, तशी तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हीच का ते कोकनना भाऊ?" ती म्हणाली. "मांगला साले त्यानी तुमना नावनी सव्वा मूठ टाकी. त्याना आबा रागे भरनात, म्हनेत हाऊ आपला भाऊबंद नही. त्यानी सांगं, मना भाऊ शे, टाकसूच. मंग आबा बी उगा बसनात."

कार्ड का आलं होतं ते मला तेव्हा कळलं.  मी विचारलं, "माय, मी आलो नाही. मग माझ्या वाट्याचं काय केलं?"

"तीन दिन वाट दखी. देवीनं अन्न शे, दुसराले देता येस नही. मंग त्यानीच खादं." तिनं पदरानं डोळे टिपले. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खाली बघतच म्हणाली, "औंदा आमना घरमा दोन मुठी कमी टाक्यात."