साडूचे चौकोन

माझ्या साडूइतका निरुपयोगी हुशार माणूस बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा नसेल. लोणी देवकरच्या ज्या कारखान्यात तो आहे तिथं यंत्रांच्या पोटातले छोटे कंट्रोलर बनतात. हा मात्र ते बनवत नाही, त्यांची चित्रं काढतो. त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं म्हणे. त्यात चौकोन मांडायचे, बाण जोडायचे, कुठला भाग कुणाला काय निरोप देतो ते भरायचं, की कुठला निरोप उशिरा पोचेल, काय बिघडलं तर पुढं काय होईल, हे ते आधीच सांगतं. वस्तू जन्मायच्या आधी तिची आजारपणं! हे सगळं तो समोरच्याची भाजी निवेपर्यंत समजावतो. घरी गिझर आणला, तर आधी त्याचं चित्र झालं. माझी मेव्हणी चार दिवस गॅसवर पाणी तापवत होती. "सगळ्या शक्यता तपासल्याशिवाय बटण दाबायचं नसतं," इति साडू.

भवानीनगरजवळ आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, ऊस आहे. आबांना विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायची होती. साडूनं काम अंगावर घेतलं. ऊस तुटून गेला, त्याच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा गुडघ्याला लागला, तरी याचे चौकोनच चाललेले. शेवटी आबा म्हणाले, "पाव्हणं, चित्र लई झ्याक हाय. पर त्येनं पानी येत न्हाय."

मी इंदापुरातून मोबाइलवर चालणारा स्टार्टरचा तयार डबा आणून बसवून टाकला. साडूनं तो उघडून पाहिला, लॅपटॉपवर काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, "लाइट जाऊन आली, की 'बंद' सांगितलेलं हा विसरणार. मोटर आपोआप सुरू होईल." मी हसलो. आबाही हसले.

महिन्याभरानं आम्ही दोघं जावई शेतावर होतो. मोटरीचा पट्टा घसरला होता. आबांनी मोबाइलवरून मोटर बंद केली, तेवढ्यात लाइटही गेली. ते पट्टा बसवायला बसले. साडू उठला आणि डब्यातून मोटरीकडं जाणाऱ्या तारांवरचे तिन्ही फ्यूज काढून हातात घेऊन उभा राहिला.

"अहो, बंद केलीय की आबांनी," मी म्हणालो.

पाचेक मिनिटांत लाइट आली. डब्यात खटका पडला, हिरवा दिवा लागला. मोटर जागची हलली नाही. आबांची बोटं अजून पट्ट्याखालीच होती. त्यांनी ती सावकाश बाहेर काढली आणि ते बोटांकडं बघत राहिले.

साडू बांधावर बसला. फ्यूज अजून त्याच्या मुठीतच होते. आता हा ऐकवणार, म्हणून मी मान खाली घातली. तो हळूच म्हणाला, "माझ्या चित्रात मोटर आहे, वायर आहे, लाइट आहे. आबा नाहीत. ते राहूनच गेलं माझ्याकडून."

त्या संध्याकाळी मीच त्याला लॅपटॉप उघडायला लावला. तो बोलत राहिला. मला फारसं कळलं नाही, पण उठावंसंही वाटलं नाही.