मे महिन्याला आळवणारी राही

राही माझी थोरली जाऊ. तोंडानं फटकळ, पण अशी जाऊ मिळायला नशीब लागतं! तिला जाऊन लय वर्सं झाली, तरी उन्हाळा लागला की तिची आठवण येतीय.

दुसऱ्या म्हायुद्धात इंग्रज सरकारनं साताऱ्यात जर्मन कुटुंबं नजरकैदेत ठेवली व्हती. राही आमच्या माहुलीस्नं तिथं दुधाचा रतीब घालायची. तिथली क्लाराबाई पोरांना एक गाणं शिकवायची. मोझार्ट म्हणून त्यांच्यात लय जुना गाणी बांधणारा हून गेला, त्याचं. चव्वेचाळीसच्या थंडीत राहीनं त्याचा अर्थ विचारला. बाईला मोडकंतोडकं मराठी येत व्हतं. पोरं मे महिन्याला आळवत्यात, लवकर ये नि झाडं हिरवी कर, असं तिनं सांगितलं.

राही पोट धरून हसली. "आवं बाई, मे म्हंजी आमच्या हिरी आटत्यात! त्याला कोण बोलावतंय?"

"आमच्याकडं थंडी. बर्फ. मे आला की ऊन," बाई म्हणली.

राहीचं हसू तिथंच थांबलं. तिचा एकुलता पोरगा कृष्णात पलटणीतनं इटलीला गेलेला, जर्मनांशी लढायला. जखमी हून परत आलेला गावचा नाथाजी सांगायचा, गोळीपरीस तिथली थंडीच जीव खातीय, बुटात पाय बधिर पडत्यात.

झालं! दुसऱ्या दिवसापास्नं राही गाणं शिकाय बसली. मी कडाकडा भांडले. "पोरगा ज्यांच्या गोळीम्होरं हुबा, त्यांचंच गाणं गातीस? लाज न्हाई वाटत?"

"गोळी काय क्लाराबाई झाडतीया व्हय? तिकडं ऊन पडू दे, एवढंच मागतीय मी."

औंधाला यमाईच्या डोंगरावर गेलो, तर आरती झाल्यावर ह्या बयेनं देवीम्होरं तेच गाणं धरलं! शब्द निम्मे तिचेच, चाल मातुर पक्की. पुजारी बघतच ऱ्हायला. मी पदरात तोंड लपवलं.

मे आला. इटलीतली लढाई थांबली म्हणून गावात साखर वाटली. मागनं तार आली. कृष्णात एप्रिलातच लढाईत पडला व्हता.

राही कितीतरी दिवस रतीब घालाय गेली न्हाई. मग एक दिवस दुधाची चरवी उचलून निघाली. भांडाय चाललीय वाटून मी मागनं धावले. तिला बघून क्लाराबाईनं गाणारी पोरं गप केली. राहीनं चरवी खाली ठेवली. "गप का करता? म्हणू द्या की त्यास्नी," म्हणली, नि सोताच सुरुवात केली. मग दोघी गळ्यात पडून रडल्या. मी बी रडले.

पुढं ती माणसं मायदेशी गेली. राही मातुर दर मे महिन्यात हीर तळाला गेली की काठावर बसून तेच गुणगुणायची. एकदा मी चिडलेच. "अजून कशाला बोलावतीस गं त्याला? आटली की आपली हीर!"

"आटू दे. माझा कृष्णात तिकडंच ऱ्हायलाय न्हवं? त्याच्याजवळची झाडं हिरवी हू देत."