चाल : स्वतंत्र

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको जन्मभर शेजारी बसून जेवली, तिलाही नाही. बालाजीसमोर डोळे मिटून उभा राहतो तेव्हासुद्धा मी दुसरंच काहीतरी पुटपुटत असतो — तब्येत, पोरांचं भलं, असलं काही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर बहुतेक त्या एका चालीमुळेच ओळखत असाल. खरी पंचाईत तिथेच आहे.

पण आधी गुलाबचं सांगू द्या. विषय टाळतोय असं समजू नका — किंवा टाळतोच आहे म्हणा ना.

गुलाब उंद्रीचा. घरची कापसाची मोठी शेती, पण हायस्कुलासाठी देऊळगाव राजात मामाकडे राहायला आला आणि माझ्या बाकावर बसला. मी तहसिलीतल्या कारकुनाचा मुलगा, स्वच्छ बोलणारा, पेटी शिकलेला. तो तोंड उघडायचा आणि वर्ग हसायचा. पण कान? तसे कान मी पुन्हा पाहिले नाहीत. दोघांना एकच खूळ होतं — पिक्चरचं म्युझिक. गाणी नव्हे हं. गाणी काय, सगळं गाव गुणगुणायचं. आमचं खूळ मागच्या संगीताचं. नायक नुसता चालत जातो तेव्हा मागे काय वाजतं, आई दार लावून घेते तेव्हा सारंगी येते की नाही येत. गुलाब म्हणायचा, "गाणं म्हंजे पंगतीतलं गोड बे. वरणाले चव हाय का नाही, ते पाहा!"

आमचे नियम होते. ज्याने आधी ऐकलं त्याने दुसऱ्याला सुचवायचं, आणि दुसऱ्याने मुकाट्याने जायचं. गोष्ट सांगायची नाही, फक्त कुठे कान द्यायचा तेवढं सांगायचं. आणि संगीतकाराचं नाव सुरुवातीच्या पाट्यांमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. पाट्या चुकल्या तर पिक्चर पाहिलाच नाही असं धरायचं. किती भांडलो असू आम्ही! मला सारंग्या-व्हायोलिनांचा भरगच्च ताफा आवडायचा, त्याला एकटी बासरी. मी एखाद्याला मोठा म्हटलं की तो म्हणायचा, "त्याले गप्प बसता येत नाही. माह्यावाला पाहा, कवा थांबावं ते समजते त्याले." हे त्याचं वाक्य मी पुढे वर्षानुवर्षं वर्गात माझं म्हणून वापरलं. माझ्या चोऱ्यांतली ही लहान चोरी.

बालाजीच्या यात्रेत तंबूतलं टॉकीज यायचं. मध्ये कापड बांधलेलं, एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष. मशीन एवढं खडखडायचं की मागे बसलं तर संवाद तेवढे कळायचे, म्युझिक बुडायचं. म्हणून आम्ही दोघे थेट कर्ण्याखाली बसायचो, मान वाकडी करून. पाणी शिंपडलेल्या मातीचा वास, शेंगांची टरफलं, पाठीत कुणाचे तरी गुडघे. ते दिवस आठवले की अजून मान अवघडल्यासारखी होते, आणि बरं वाटतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. त्या यात्रेत जालन्याहून यायची रिळं आलीच नाहीत. मालकाने वेळ मारून न्यायला कुठून तरी हाती लागलेली रिळांची एक पेटी लावली. जपानी चित्रांचा पिक्चर. म्हणजे माणसं नाहीतच — सगळं हाताने रंगवलेलं. भाषा जपानी, पाट्या जपानी. लोकांनी शिव्या घातल्या, अर्धा तंबू उठून पाळण्यांकडे गेला. मी त्या दिवशी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी गुलाब शाळेच्या फाटकातच उभा. "दिगू, आज चाल. पोरायचा पिक्चर हाय म्हून हासू नको. बगळा उडून जाते ना, तवा कान दे."

मी हसलोच. पण नियम म्हणजे नियम.

पाट्या सुरू झाल्या तेव्हा मी म्हणालो, याचं नाव आपल्या हिशेबात धरता येणार नाही, वाचताच येत नाही. गुलाब माझ्यावर उखडला. "वाचता येत नाही म्हून त्या माणसाले नाव नाही का बे?" आणि मुंग्या चालल्यासारख्या त्या अक्षरांना त्याने चक्क हात जोडले.

गोष्ट एवढीशी. एक कोळ्याची मुलगी, एक पंख मोडलेला बगळा. बर्फ पडत होता. बर्फ आमच्यात कुणी पाहिलेला? तंबूतल्या पोरांना वाटलं, कापूस उडतोय. पंख बरा होतो, बगळा उडून जातो, मुलगी बोटीत उभी राहते. काही बोलत नाही. आणि मागे एक बासरी, आणि आपल्या एकतारीसारखं काहीतरी. पाचच सूर. आपल्या दुर्गा रागाचे म्हणा, पण वळणं आपली नव्हेत — जिथे आपण खाली उतरलो असतो, तिथे ती चाल उभीच राहायची. मला रडू आलं. मी गुलाबकडे पाहिलं नाही, त्यानेही माझ्याकडे नाही.

तंबू हलेपर्यंत आम्ही तोच पिक्चर पाहत राहिलो. मग पेटी गेली, चाल राहिली. मॅट्रिकनंतर गुलाब उंद्रीला शेती पाहायला गेला, मी शिकून देऊळगावातच एका शाळेत मास्तर झालो. तो भेटायला आला की एसटीतून उतरता उतरताच ती चाल शिट्टीवर वाजवायचा, आणि मी पुढचा तुकडा वाजवून उत्तर द्यायचो. अख्ख्या स्टँडावर ते आम्हा दोघांनाच कळायचं.

आता येतो मुद्द्यावर. येतोच.

आमच्याकडे एक रीत आहे, तुम्हाला ठाऊकच असेल. भजन असो, स्वागतगीत असो, कागदावर पदाच्या डोक्याशी लिहायचं — "चाल", आणि पुढे जिची उचलली त्या गाण्याचं नाव. भल्याभल्या भजनांच्या डोक्यावर सिनेमाचं गाणं बसलेलं असतं, आणि टाळकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. चाल उचलणं हा आमच्याकडे गुन्हाच नाही. म्हणजे बघा — मला खोटं बोलायची गरजसुद्धा नव्हती.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब येणार होते. स्वागतगीत मी लिहिलं. नवा महाराष्ट्र, नवी पहाट. यमकं बरी जुळली होती. चाल मात्र बसेना. एका दुपारी सहज पेटीवर बोटं ठेवली आणि ती बगळ्याची चाल आली. शब्द तिच्यात असे बसले, जणू तिच्यासाठीच केले होते. कागद सायक्लोस्टाइलला द्यायचा होता. "चाल" एवढं लिहून मी थांबलो. काय लिहू? जपानी कार्टून? तो कागद साहेबांच्या हातात जाणार, हसतील की — नाही, खरं सांगतो. हसण्याची भीती नव्हती ती. मला ती चाल माझी हवी होती. मी लिहिलं, "स्वतंत्र".

मुलींनी गीत असं म्हटलं की मांडवातली कुजबुजसुद्धा थांबली. साहेबांनी विचारलं, "चाल कुणाची?" मुख्याध्यापकांनी कागद पुढे करून माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली, विनयाने घालतात तशी.

तेवढ्यात मांडवाच्या मागून गुलाब आला. त्याला मीच बोलावलं होतं. का बोलावलं? तो ओळखणार नाही असं वाटलं होतं? की ओळखून गप्प बसेल असं? अजून मी स्वतःला विचारतो. खुर्च्यांमधून वाट काढत, टोपी सावरत आला, चेहरा नुसता फुललेला. "अबे दिगू! बगळ्याची चाल लावली बे तू! आपली जपानी! मले वाटे, मी एकटाच ध्यानात ठेवून राह्यलो!"

साहेबांनी भुवया वर केल्या. "जपानी?"

इथे मी हसून हो म्हणू शकलो असतो. साहेब कदाचित खूशही झाले असते. मी काय केलं? माझी सगळ्यात स्वच्छ, पुस्तकातली मराठी बाहेर काढली आणि म्हणालो, "हे आमचे बालमित्र. शेतकरी माणूस आहेत. कुठेही पाच सूर ऐकले की यांना तंबूतला सिनेमाच आठवतो." आणि गुलाबकडे वळून, जन्मात पहिल्यांदा, मी त्याला अहो-जाहो केलं. "अहो गुलाबराव, बसा तुम्ही. चहा घ्या."

सगळे हसले. साहेब, मुख्याध्यापक, गाणाऱ्या मुलीसुद्धा. गुलाब माझ्याकडे बघत राहिला. त्याला मला उघडं पाडता आलं असतं. ती चाल पुढे कुठे जाते, ते मी स्वागतगीतात घेतलंच नव्हतं; तेवढा तुकडा त्याने शिट्टीवर वाजवला असता तरी पुरलं असतं. तो साहेबांना म्हणाला, "हाव साहेब. माह्याच कानाची गलती असन." आणि बसला. चहाही घेतला त्याने.

त्या दिवसानंतर गुलाबने मला कधी "बे" म्हटलं नाही.

येणंजाणं तुटलं नाही. तुटलं असतं तर बरं झालं असतं. लग्नाकार्याला यायचा, हुरड्याला बोलवायचा, माझ्या मुलाच्या बारशाला घरच्या कापसाची गादी भरून घेऊन आला. पण मी "सर" झालो होतो. पुढच्या यात्रेत मी मुद्दाम विचारलं — काय ऐकलंस नवीन, कुठे कान देऊ? तो म्हणाला, "तुम्हीच सांगा सर. आम्हाले काय समजते." टोमणा नव्हता हो! टोमणा असता तर मी भांडलो असतो, माफी मागितली असती, काहीतरी झालं असतं. त्याने खरंच ऐकणं सोडलं होतं. त्याच्या बायकोने, शांतावहिनींनी, एकदा कौतुकाने सांगितलं, "आता हे शिट्टी नाही वाजवत. पोरावानी करत, आता सुधरले." मी त्यांच्या हातचं पिठलं खात होतो. खातच राहिलो.

आणि चाल? ती मोठी झाली. चिखलीच्या, धाडच्या शाळांनी मला ती शिकवायला बोलावलं. भजनी मंडळांनी तिच्यावर बालाजीचे शब्द बसवले, आणि कागदांच्या डोक्याशी लिहू लागले — चाल, दिगंबर सरांची. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. दुसरी चाल मी कधी लावली नाही. लावणार कुठून? लोक म्हणाले, किती निगर्वी माणूस, एकावर थांबला.

गुलाब आजारी पडला तेव्हा उंद्रीला गेलो. ठरवून गेलो होतो. त्याला माहीत नव्हतं असं माझ्याकडे काय होतं? काहीच नव्हतं. फक्त एवढं म्हणायचं होतं, की तुझ्या कानाची गलती नव्हती. खाटेशेजारी बसलो. सोयाबीनच्या भावावर बोललो, पावसावर बोललो, रस्त्याचं काम कुठवर आलं ते विचारलं. तो अधूनमधून "हो सर" म्हणत होता. परतीच्या एसटीत बसलो आणि मला हायसं वाटलं. वाईट नाही — हायसं. तेही सांगून टाकतो. थोड्याच दिवसांत तो गेला.

या दिवाळीत सई आली. माझी नात, पुण्यात शिकते. "आजोबा, कार्टून नाही म्हणायचं, ॲनिमे म्हणायचं," असं पहिल्याच दिवशी मला बजावून झालं. मग माझ्या कानांत तिच्या त्या इअरफोनच्या बोंड्या खुपसून ती दुपारभर मला ऐकवत बसली. हे एकटं वाटत असेल तेव्हाचं, हे नुसता पाऊस बघत बसायचं, आणि याला पियानो द्या, बाकी काही नको याला. प्रत्येक वेळी आधी संगीतकाराचं नाव, मग संगीत. ती जपानी नावं तिच्या तोंडून अशी सहज येत होती, जशी गल्लीतल्या काकांची. कुणाचं आधी ऐकायचं, कुणाचं सरावल्यावर, कुणाच्या नादी लागायचं नाही, तेही सांगत होती. मला फार गोड वाटलं, आणि आमचे नियम आठवले.

मग ती म्हणाली, "तुम्हाला एखादं जुनं आठवतं का? नुसतं गुणगुणा. कुणाचं आहे ते फोन शोधून देतो."

त्या माणसाचं नाव? इतक्या वर्षांनी, असं बसल्या जागी? मला ते हवं होतं. यात खोटं नाही, त्या क्षणी मला ते खरोखर हवं होतं. नाव कळलं की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, गुलाबचंही सांगायचं, असं मनात ठरलंसुद्धा. मी गुणगुणलो. सूर बरोबर लागले.

फोनवर काहीतरी गरागरा फिरत राहिलं. मग सई किंचाळलीच. उंद्रीच्या भजनी मंडळाचा व्हिडिओ सापडला होता. खाली लिहिलं होतं — चाल : दिगंबर सर, देऊळगाव राजा.

"आजोबा! तुमची चाल आहे ही? तुम्ही कंपोझर आहात आणि मला कधी सांगितलंसुद्धा नाही?" मुलगा कौतुकाने हसत होता. सून चिवड्याच्या बश्या घेऊन दारातच थांबली होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "हो."