दोघांचा बेत

“चालली बघा ताई, केळी चालली आग्र्याला. आपण आहोत इथंच.”

बिल्टीवर शिक्का मारायचा, शाई वाळावी म्हणून हलकी फुंकर घालायची आणि हे वाक्य म्हणायचं, असा नानांचा रिवाज होता. कधी आग्र्याच्या जागी ग्वाल्हेर यायचं, कधी जयपूर. बाकी वाक्य तेच.

बुऱ्हाणपूरच्या केळी मंडीजवळ आमचं ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस आहे. एका टेबलावर मी कॉम्प्युटर घेऊन बसते. समोरच्या टेबलावर ते बसायचे. कुणाच्या बागेतला माल, कुठल्या गाडीत भरला, कोणत्या गावी उतरायचा, हे ज्या कागदावर लिहितात ती बिल्टी. त्यांनी तीस वर्षं बिल्ट्याच लिहिल्या. मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही म्हणायची.

उत्तरेतली सगळी मोठी शहरं नानांना तोंडपाठ होती, आणि त्यांतलं एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. झाशीला चहा कुठं चांगला मिळतो, आग्र्याला गाडी कुठल्या बाजूनं आत घेतात, जयपूरच्या अलीकडे धुकं किती वाजेपर्यंत असतं, सगळं ठाऊक. माहिती यायची ड्रायव्हरांकडून. परत आलेला ड्रायव्हर पावती द्यायला खिडकीशी आला, की नाना आधी विचारायचे, “किला देखा?”

“कहाँ का किला, नाना? बायपास से निकल जाते हैं.”

“अरे, तीन दिन में आया है, एक घंटा रुक नहीं सकता था?”

ड्रायव्हर हसायचे. पण एक-दोघांना त्यांचा लळा होता. ते खरंच वाट वाकडी करून जायचे आणि मोबाइलमध्ये राजवाड्याचा तिरपा फोटो काढून आणायचे. नाना तो डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि जुन्या बिल्टीबुकाच्या कोऱ्या पाठीवर काहीतरी टिपून ठेवायचे.

त्या पाठीवर त्यांची सहल होती. झाशीला उतरून ओरछा, मग ग्वाल्हेर, आग्रा, फत्तेपूर सिक्री, शेवटी जयपूर. अकरा दिवस. कुठल्या गावी किती वाजता पोचायचं, कुठला महाल सकाळी बघायचा, कुठला उन्हं उतरल्यावर, जेवण कुठं, विसावा कुठं. आग्र्याबद्दल बोलताना ते गंभीर व्हायचे. म्हणायचे, “ती ताजमहालातली बेगम आपल्या बऱ्हाणपुरात वारली ताई. आधी इथंच पुरली होती, तापीच्या पलीकडे. मंग नेली तिकडे. आपल्या गावची बाई नीट ठेवलीय की नाही, एकदा जाऊन बघायला नको का?”

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, “नाना, इथला शाही किल्ला तरी शेवटचा कधी बघितलात?”

“तो काय, घरचाच आहे,” ते म्हणाले.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. आपण त्याचं ऐकतो, मान हलवतो आणि त्याच्या घरी कोण आहे, हे वर्षानुवर्षं विचारत नाही. नाना एकटे राहतात एवढंच मला माहीत होतं. बायको वारली असावी, असं मी मनाशी धरून चालले होते. म्हणून त्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी, रावेरला निघाले, तेव्हा त्यांनी चार घड्या घातलेला कागद माझ्यापुढे धरला आणि मी गोंधळले.

“रावेरात एका ठिकाणी द्यायचा होता,” ते म्हणाले. “आमच्या घरच्यांना.”

बावीस वर्षांपूर्वी त्यांची बायको माहेरी गेली होती. भावजय अचानक वारली, भावाची पोरं लहान, म्हणून महिनाभरासाठी गेली. महिन्याचं वर्ष झालं, पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. ती आली नाही आणि हे आणायला गेले नाहीत. दोघांना मूलबाळ नव्हतं.

“भांडण झालं होतं का?” मी विचारलं.

“तेच तर,” नाना म्हणाले. “भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.”

लग्नात त्यांनी तिला आग्रा दाखवायचा शब्द दिला होता. मग आईचं आजारपण आलं, मग केळीचा हंगाम, मग पुढचा हंगाम. मी म्हटलं, फोन करा ना सरळ. ते म्हणाले, “फोनवर माणूस घाईत ‘नाही’ म्हणून टाकतं. कागद हातात राहतो. नाही म्हणायला वेळ लागतो.”

रावेरला ते घर माझ्या माहेरापासून चार गल्ल्या सोडून निघालं. नानांची बायको, म्हणजे माझ्या मावशीच म्हणायच्या, गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होत्या. उंच, सावळ्या, पदर खोचलेला. मी कुठून आले ते सांगितलं, तेव्हा त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि तो अकरा दिवसांचा कागद उन्हात उभ्यानंच वाचला. दोनदा वाचला.

“अक्षर तसंच आहे,” त्या म्हणाल्या. मग कागद घडी करून मला परत देत म्हणाल्या, “गुडघे गेले माह्ये. हे किल्ले-बिल्ले कोण चढंल आता?”

परत आल्यावर मी हे नानांना कसं सांगावं, याचा विचार करत होते. शेवटी जसं बोलल्या तसंच सांगितलं. ते खुर्चीतून अर्धे उठले.

“गुडघे म्हणाली? ‘येत नाही’ असं नाही म्हणाली?”

“तसं नाही म्हणाल्या.”

“मंग!” ते म्हणाले आणि नवा कागद घेतला.

त्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसात दुसरं काही बोललंच गेलं नाही. आता नाना ड्रायव्हरांना किल्ला विचारत नव्हते, पायऱ्या विचारत होते. एक ड्रायव्हर बिचारा ग्वाल्हेरला गाडी लावून खरंच मोजायला गेला. परत येऊन म्हणाला, “नाना, सत्तर तक गिना, फिर साँस फूल गई.” नानांनी त्याला आपल्या डब्यातली शेव-भाजी खाऊ घातली आणि कागदावरून ग्वाल्हेरचा वरचा महाल खोडला. त्याच्या जागी लिहिलं, ‘गुजरी महाल, खालीच आहे.’ ओरछ्याचे जिने उंच निघाले. तिथं लिहिलं, ‘नदीच्या पुलावरून बघणे.’ ताजमहालापुढं लिहिलं, ‘बॅटरीची गाडी आहे. चौथरा चढवला नाही तरी बागेतून दिसतो.’ जयपूरचा हवामहाल रस्त्यावरूनच बघायचा असतो, हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

हळूहळू त्या सहलीतून सगळ्या उंच जागा गेल्या. उरले ते खालून, लांबून, बाकावर बसून बघायचे राजवाडे. मी म्हटलं, “नाना, तुम्हाला स्वतःला वर जायचं होतं ना?”

“वर काय असतं ताई? वाराच असतो.”

दिवाळीत भाऊबिजेला मी तो दुसरा कागद घेऊन गेले. मावशींनी तो ओसरीत बसून वाचला. एका ठिकाणी त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. बहुधा हवामहालापाशी. आतून भाचेसुनेनं हाक मारली, तरी उठल्या नाहीत.

“तिकीट काढा म्हणा,” त्या म्हणाल्या. “पण मी बऱ्हाणपूरला उतरणार नाही. त्या घरात नाही येणार. रावेरहूनच बसंल गाडीत.”

या खेपेला कागद त्यांनी ठेवून घेतला.

संक्रांत झाल्यावरची दोन तिकिटं मीच काढली. एकाच डब्यात, शेजारी शेजारी. एक रावेरहून, एक बुऱ्हाणपूरहून. मावशींचं तिकीट मी स्वतः त्यांच्या हातात नेऊन दिलं. नानांनी नवा स्वेटर घेतला. फुगवायच्या दोन उशा घेतल्या. त्यांपैकी एक ऑफिसात फुगवून दिवसभर टेबलावर ठेवली, हवा जाते का बघायला.

निघायच्या सकाळी मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेले. ते माझ्या आधी तासभर येऊन बसले होते. दाढी गुळगुळीत, केसांना तेल. गाडी रावेरहून सुटल्याचं मोबाइलवर दिसलं तसे ते उभे राहिले, ते गाडी येईपर्यंत उभेच होते.

डबा आमच्या पुढ्यात लागला. नाना आत गेले. मी खिडक्यांमधून बघत बाहेरून चालत होते. नाना-मावशींच्या जागांपाशी एक कुटुंब बसलं होतं. खिडकीजवळच्या सीटवर त्यांची बॅग होती. नाना त्यांना काहीतरी म्हणाले. त्यांनी बॅग उचलली. सीट रिकामी झाली आणि रिकामीच राहिली. नाना दाराशी आले.

“दुसऱ्या डब्यात चढली असेल ताई,” ते म्हणाले. “रावेरला गाडी दोन मिनिटंच थांबते. गडबड होते माणसाची. चालू गाडीत शोधतो मी.”

“नाना, उतरा. मी फोन लावते रावेरला.”

“नको. ती पुढं बसली असली आणि मी इथं उतरलो, तर?”

गाडी हलली. मला खिडकीतून ते पुन्हा जागेवर येऊन बसताना दिसले. खिडकीची जागा सोडून, शेजारच्या जागेवर.

मी दुपारी रावेरला फोन लावला. भाचेसून म्हणाली, आत्या झोपल्या आहेत.

मला वाटलं, दोन दिवसांत परत येतील. पण ते अकरा दिवस फिरून आले. सोमवारी सकाळी येऊन टेबल पुसलं, शिक्क्याच्या पॅडवर शाईचे थेंब टाकले. विचारायची कुणाची हिंमत होईना. शेवटी मीच चहाचा कप पुढं ठेवून म्हटलं, “कसं होतं?”

“चांगलं होतं. सगळं कागदाप्रमाणं झालं.”

“ग्वाल्हेरला वर जाऊन आलात का मग?”

त्यांनी मान हलवली. “गेलो नाही. खाली बसलो. दोघांचा बेत होता ना तो.”

“आणि आग्रा?”

“गर्दी फार.” चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, “तिथं एक फोटोवाला मागंच लागला. ‘फॅमिली कहाँ है अंकल?’ म्हणे. मी म्हटलं, पीछे आ रही है.”

त्यांनी पुढची बिल्टी ओढली. शिक्का मारला, फुंकर घातली आणि बिल्टी बाजूला ठेवली. ‘केळी चालली आग्र्याला’ हे वाक्य त्यानंतर मी कधी ऐकलं नाही. ड्रायव्हर आपणहून फोटो दाखवायचे, तेव्हा नाना नुसतं ‘छान आहे’ म्हणायचे.

पुढच्या आखाजीला मी रावेरला गेले. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाय त्या गल्लीकडे वळले. मला मावशींचा राग आला होता. त्यांनी मला बघितलं आणि काही विचारायच्या आत आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं.

“मी गेले होते स्टेशनवर,” त्या म्हणाल्या.

मी दाराला टेकले.

“भाच्यानं सोडलं. तो गेला कामाला. गाडी आली, डबा बरोबर समोर आला. पायरीवर पाय ठेवायचा तेवढा राहिला होता.”

“गुडघे?” मी म्हटलं.

“गुडघ्यांना काय झालं होतं? त्या दिवशी चांगले होते गुडघे.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “बावीस वर्षांनी माणसाशी अकरा दिवस काय बोलायचं, हेच मले सुचेना. त्यांनी सगळं लिहिलं होतं कागदावर. कुठं बसायचं, कुठं पाणी प्यायचं. बोलायचं काय, ते लिहिलं नव्हतं. तेवढ्यात गाडी हलली. ती गेल्यावर वाटलं, बसायला पाहिजे होतं. मग तिथंच बाकावर बसून राहिले बारा वाजेपर्यंत.”

“मी सांगते नानांना,” मी म्हटलं. “त्यांना फार बरं वाटेल.”

“नको.” त्यांनी माझं मनगट धरलं. “आले होते असं कळलं, की ते पुन्हा कागद करायला बसतील. आणि मी पुन्हा तिथंच उभी राहीन. आली नाही, असंच राहू द्या. तुमच्या लेकराची शपथ.”

शपथ घातली म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगते. नाना समोरच्या टेबलावर रोज असायचे. दोन हातांचं अंतर. कितीदा तोंड उघडलं आणि ‘पाणी आणू का’ असं विचारून मिटलं.

त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी बिल्ट्या कॉम्प्युटरवर घेतल्या. म्हणजे माझ्याकडे आल्या. नानांना कुणी जा म्हणालं नाही, पण बसून काय करायचं? डोईफोडिया गावात त्यांचा पुतण्या शेती करतो. तिकडं राहायला जायचं त्यांनी ठरवलं.

मी बसस्टँडवर गेले होते. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. खकनारकडची बस लागली होती. खिडकीशी बसून त्यांनी हात बाहेर काढला आणि माझा हात धरला.

“ताई, रावेरला जाल तेव्हा...” ते म्हणाले आणि थांबले. “मी जरा घाई केली का हो? तिला अजून थोडा वेळ द्यायला हवा होता.”

आत्ता सांगावं, असं मला वाटलं. एकच वाक्य होतं. ‘मावशी आल्या होत्या.’ कंडक्टर मागं प्रवासी बसवत होता, वेळ होता. नाना माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “नाही नाना. तुम्ही काही घाई केली नाही.”

“हां,” ते म्हणाले. त्यांनी हात सोडला.

पुढच्या थंडीत नाना वारल्याचं एका केळीवाल्या शेतकऱ्याकडून कळलं. चार शब्दांचा निरोप, तोही बोलता बोलता.

मला ती बसच आठवते. घंटी झाली, बस मागं आली, वळली. शेवटच्या क्षणी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, जणू माझं काहीतरी ऐकायचं राहून गेलं होतं. मी काही बोलत असेन असं वाटून त्यांनी कानामागं हात धरला. इंजिनाचा आवाज मोठा होता. मी नुसता हात हलवला.