केरबाच्या पायाची खोळ

केरबा चालू लागला की मागून बघत राहावं, अशी त्याची चाल होती. पाचोडच्या शिवारातली म्हातारी माणसं अजून तसं सांगतात. पुढं मेंढरांचा काळा-पांढरा लोंढा, मागं खांद्यावर घोंगडी टाकलेला हा. गवतातून वारा जावा तसा जाई. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली कापसानं भरलेली बैलगाडी नाल्यात कलंडली आणि चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं. जखम चिघळली. शहरातल्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

लाकडी पाय मिळाला. त्याच्या वरच्या टोकाला चामड्याचा पेला होता. उरलेला पाय त्यात घालायचा आणि पट्टे आवळायचे. पण चामडं आणि कातडी यांच्यामध्ये घालायचं काय? धोतराची चिंधी गुंडाळली तर घडी पडे, आणि घडी पडली की तिथं फोड येई. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं, बिनशिवणीची लोकरी खोळ घाल, आणि शहरातल्याच गुलमंडी बाजारातल्या मनकर्णाबाईंकडं धाडलं.

मनकर्णाबाई एका कापडदुकानाच्या ओट्यावर बसून स्वेटर विणायच्या, फाटलेले सांधायच्या. केरबानं त्यांच्यापुढं गाठोडं सोडलं. आत जावळ होतं, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर. त्याच्या बायकोनं, बानाबाईनं, ती चातीवर कातून दिली होती. बाईंनी सूत गालाला लावून बघितलं आणि विणायच्या सुया त्याच्याच हातात दिल्या. मावशी, तुम्हीच विणून द्या, असं तो म्हणाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "रानात फाटली तर मी येणार हाय का तिथं? तूच शिक."

भर बाजारात ओट्यावर बसून फेटेवाला धनगर विणतोय, हे बघायला माणसं थांबत. दुकानातला बद्रीनाथ रोज टोचायचा. एकदा म्हणाला, "पाव्हणं, कुणाची कुंची विणताय?"

"तुमचीच. डोक्याचं माप द्या," केरबा मान वर न करता म्हणाला.

खोळ वर रुंद आणि खाली निमुळती हवी. त्यासाठी दोन टाके एकात घेत टाके घटवत जायचं. एकाच रेषेत घटवले तर तिथं वरंबा उठतो आणि पायाला रुततो, म्हणून ते विखरून घ्यायचे. हे केरबाला लवकर जमलं. चुकलं ते भलतीकडंच. विणताना सूत तुटलं, त्यानं गाठ मारली. घोंगडीच्या मागावर सूत तुटलं की गाठ मारतात. त्याच्या बापानं तेच केलं होतं, आज्यानंही. गाठ ज्वारीच्या दाण्याहून बारीक होती. ती खोळ घालून तो गावाकडं हिंडला आणि त्या दाण्यानं पाय पोखरला. डॉक्टरांनी जखम धुतली आणि स्पष्ट सांगितलं, परत चिघळली तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल. मग रान विसरायचं.

मनकर्णाबाईंनी ती खोळ त्याच्या डोळ्यांदेखत सगळी उसवली. केरबा भिंतीकडं बघत राहिला. मग त्यांनी तुटल्या सुताची दोन्ही टोकं पिंजली, ओली केली, एकावर एक ठेवून तळहातावर चोळली. सूत एकजीव झालं. भोक पडलं तर रफू करू नको, ढेकूळ होईल, असं त्यांनी बजावलं. सुटलेला टाका जिथून गेला होता, त्याच वाटेनं नवं सूत न्यायचं. वेळ लागतो, लागू द्यायचा.

जखम भरली, बिनगाठीची नवी खोळ विणून झाली, दिवाळीही झाली. मेंढरं गोदाकाठाकडं न्यायची वेळ आली. थोरला भाऊ सूर्यभान म्हणाला, केरू घरी बसून चार शेळ्या राखील, त्याची मेंढरं माझ्यात मिसळतो. केरबा नाय म्हणाला. शेवटी सूर्यभाननं अट घातली. पहिल्या मुक्कामापर्यंत चालत ये. दिवस मावळायच्या आत पोचलास तर कळप तुझा.

सकाळभर तो चालला. लाकडी पायाची खुटखुट मेंढरांच्या खुरांत मिसळून गेली. दुपार कलल्यावर पेल्याच्या आत काहीतरी निराळं लागलं. दुखत नव्हतं, नुसतं गार लागत होतं. चामड्यातल्या खिळ्याचं डोकं वर आलं होतं. त्यानं सूत तोडलं होतं आणि टाके एकाखाली एक सुटत चालले होते. उघड्या कातडीला चामडं लागलं होतं.

कळप पुढं चालला होता. केरबा थोडा वेळ तसाच चालला. मग बाभळीखाली बसला, लाकडी पाय सोडला, दगडानं खिळा ठोकून बसवला आणि खोळ मांडीवर घेतली. फेट्यातून सुई आणि सूत काढलं. एक टाका धरला की दुसरा निसटे.

धूळ दूर गेली, मग दिसेनाशी झाली. तेवढ्यात कळपाबरोबर पुढं गेलेली बानाबाई घोडं घेऊन उलट आली. सूर्यभाननं टेकाडावरून त्याला बसलेलं बघितलं होतं आणि तिला आणायला धाडलं होतं.

"बसा घोड्यावर," ती म्हणाली. "दिवस किती राहिलाय बघा."

"घोड्यावर आलो तर मेंढरं गेली."

"आन् पाय गेला तर? तसंच चाला म्हनत नाय म्या. घोड्यावर बसा म्हनते."

"काटा दे एक. लांब बघून."

तिनं घोडं बुंध्याला बांधलं. मग बाभळीचा काटा मोडून त्याच्यापुढं बसली आणि निसटणारे टाके त्या काट्यावर धरले. केरबा सुई चालवत राहिला. वर, आत, वाकडी, खाली. सावल्या लांबल्या. दोघंही सूर्याकडं बघेनात. सुताची टोकं त्यानं तोंडात ओली केली, तळहातावर चोळली. मग सगळ्या खोळीवरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. नंतरच ती पायात घातली.

मुक्कामावर पोचेतो चुली पेटल्या होत्या. दिवस केव्हाच बुडाला होता. सूर्यभान तळाच्या तोंडाशी उभा होता. आधी त्याला घोडं दिसलं, पाठीवर कुणी नसलेलं. लगाम बानाबाईच्या हातात होता. तिच्या मागून खुटखुट येत होती.

"उशीर झाला," सूर्यभान म्हणाला.

"झाला," केरबा म्हणाला.

तो दगडावर बसला, पट्टे सोडले, खोळ काढून भावाच्या हातात दिली. सूर्यभाननं ती चुलीच्या उजेडात नेली, आत हात घातला, बोटं बघितली. रक्त नव्हतं. मग तो भोक शोधू लागला. उलटी केली, सुलटी केली, ताणून बघितली. कुठं सांधलंय ते सापडेना.

"उद्या आमच्या आधी निघ," तो खोळ परत देत म्हणाला. "तुझी मेंढरं घेऊन. तू लई हळू चालतूस."

केरबानं खोळ झटकली आणि बानाबाईकडं भाकर मागितली.