बदली ड्रायव्हर

मंडळाच्या गणपतीत कुणी नवीन भेटलं की प्रश्न ठरलेला. "गुरुनाथकाका, तुमचा मुलगा काय करतो?" इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये सगळ्यांची मुलं एक तर डॉक्टर, नाहीतर कॉम्प्युटरवाली. मी सात वर्षं सांगत आलो, "ऑटोमोबाइलमध्ये आहे." खोटं नव्हतं हो! पण खरं म्हणजे आमचा निमिष स्टॉक कारच्या शर्यती करायचा. ताशी एकशे ऐंशी मैलांनी, डावीकडे वळत, गोल गोल. हे मंडळात बटाटेवडा खाता खाता कुणाला समजावणार?

आणि चूक माझीच. नवव्या वर्षी त्याला गो-कार्ट मी घेऊन दिली, गणितात पहिला आला म्हणून. शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये फतकल मारून आम्ही दोघं ती गाडी उघडायचो. सुचित्रा, म्हणजे माझी बायको, टरफलासकट भाजलेल्या शेंगांचं पातेलं आणून ठेवायची. तेलकट हातांनी शेंगा फोडायच्या, टरफलं तिथेच टाकायची. मग ती ओरडायची, "आमच्या पुण्यात असं कुणी करत नाही!" मी म्हणायचो, "नागपुरात करतात बाप्पा!" आणि पोरगं खिदळायचं.

निमिष इंजिनिअर झाला, कोलंबसमध्ये चांगल्या नोकरीला लागला. दोन हजार एकच्या मार्चमध्ये एक दिवस घरी येऊन म्हणाला, नोकरी सोडली, नॉर्थ कॅरोलायनाला चाललो, सगळ्या टीम तिकडेच असतात. महिन्यापूर्वीच एक नावाजलेला ड्रायव्हर भर शर्यतीत, टीव्हीवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता. माझं डोकंच फिरलं. "मरायला चाललास? जा! तुझी रेस बघायला मी कधी पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवतो." निमिषला मराठी सगळं कळतं, पण तो उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीत देतो. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाला, "बरं, बाबा."

रागावला नाही पठ्ठ्या. गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावर शर्यत असली की पोस्टाने पाकीट यायचं, आत दोन पास. सुचित्रा मैत्रिणीला वेगळं तिकीट काढून घेऊन जायची आणि परत आल्यावर दोन दिवस तेच बोलत राहायची. माझा पास मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकायचो. फेकून का देत नव्हतो, ते विचारू नका.

त्याचं करिअर म्हणाल तर आज आयोवा, उद्या केंटकी. एक टीम सीझनच्या मध्येच बंद पडली. दुसऱ्या टीमला ड्रायव्हर बदलायचा होता, ज्याला काढलं तो निमिषच निघाला. दोन वर्षं नुसत्या वर्कशॉपमध्ये इंजिनं बांधली. दोन हजार पाचमध्ये त्याला मोठ्या सिरीजमधल्या एका टीममध्ये काम मिळालं. काम कसलं, बदली ड्रायव्हरचं! टीमचा स्टार ड्रायव्हर शुक्रवार-शनिवारी भलत्याच गावी दुसरी शर्यत करत असला की इकडे त्याची गाडी निमिषने चालवायची. प्रॅक्टिस करायची, क्वालिफाय करून सुटायची जागा मिळवायची. रविवारी सकाळी स्टार हेलिकॉप्टरने येणार आणि गाडीत बसणार. म्हणजे घोड्यावर बसून वरात मांडवापर्यंत आणायची निमिषने, आणि माळ घालायला नवरदेव दुसराच!

गाडीच्या दारावर, छताखाली, ड्रायव्हरचं नाव लिहिलेलं असतं. निमिष एकदा आईला म्हणाला होता, "आई, एकदाच. रविवारी. दारावर माझं नाव." तिने ते मला सांगितलं. मी पेपर वाचत असल्याचं नाटक केलं. पण सुचित्रा भाजी आणायला गेली की मी टीव्हीवर शनिवारची प्रॅक्टिस लावायचो, आवाज बंद करून. दारावर त्या स्टारचं नाव आणि आत आमचं पोरगं. फार जीव तुटायचा.

गेल्या ऑगस्टमध्ये स्टारचं मनगट मोडलं. शुक्रवारी निमिषचा फोन. "बाबा, संडेला मी ड्राइव्ह करतोय. होल रेस. मिशिगनला. येशील?"

सात वर्षांचा हट्ट एका शब्दात गळून पडला. म्हटलं, "येतो." फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो आणि सुचित्राला म्हणालो, "शेंगा भाज. भरपूर. टरफलासकट!"

रविवारी सकाळी निमिषने आम्हाला गॅरेजमध्ये नेलं. दारावर नाव होतं, खानझोडे. इंग्रजीत एवढं लांब की शेवटचं अक्षर जेमतेम बसलेलं. मी त्यावरून हात फिरवला. मग लग्नघरातल्या यजमानासारखी पिशवी उघडली आणि टीमच्या पोरांपुढे धरली. "घ्या, घ्या, घरच्या आहेत!"

कुणी हात पुढे केला नाही. वेंडल नावाचा म्हातारा त्यांचा मुख्य मेकॅनिक. त्याने टोपी काढली आणि नुसता बघत राहिला. कुणीतरी हळूच शिवी हासडली. मला वाटलं, शेंगदाण्याची ॲलर्जी असणार, या देशात निम्म्या लोकांना असते. तेवढ्यात निमिष पुढे आला. पिशवीत हात घातला, शेंग फोडली, खाल्ली. आणखी दोन खाल्ल्या. टरफलं माझ्या तळहातावर ठेवली आणि मराठीत म्हणाला, "मीठ कमी पडलंय, बाबा." आणि गाडीत जाऊन बसला.

काय गाडी चालवली हो! एकतिसावा सुटला आणि एकेकाला मागे टाकत नववा आला. मी, हा मी, खुर्चीवर उभा राहून बोंबलत होतो. सुचित्रा माझा शर्ट धरून खाली ओढत होती. दोनशेपैकी एकशे त्रेसष्टाव्या फेरीला गाडीतून पांढरा धूर निघाला. इंजिन गेलं. निमिष उतरला, हेल्मेट काढलं आणि भिंतीवर बसून राहिला.

गॅरेजमध्ये मी माझी पिशवी शोधत होतो, तर वेंडल जवळ आला. शांतपणे म्हणाला, "सर, टरफलासकट शेंगा गॅरेजमध्ये आणणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा अपशकुन. फार जुनी समजूत आहे. तुमच्या मुलाला ठाऊक होतं. नव्या माणसाचा डबा तोच तपासायचा."

परतीच्या वाटेवर निमिष आमच्या गाडीत होता. मी विचारलं, "काहून खाल्ल्यास रे? माहीत होतं ना तुला?"

तो म्हणाला, "सात वर्षं वाट बघितली, बाबा. तू आलास. आणि मी तुला म्हणू, पिशवी बाहेर ठेवून ये?"

मी इंजिनिअर आहे, शकुन-अपशकुन मानत नाही. इंजिनातला दांडा तुटला, शेंगेने तुटला नाही. टीमनेही तोंडाने काही म्हटलं नाही. पण पुढच्या रविवारी त्यांनी दुसरा बदली ड्रायव्हर आणला आणि निमिषला परत कधी बोलावलं नाही. गॅरेजमध्ये गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या टीमनीही त्याचे फोन उचलले नाहीत.

आता तो कोलंबसमध्येच ब्रेक तपासायच्या नोकरीत आहे, नऊ ते पाच. दोन हजार एकमध्ये मला जे हवं होतं, ते सगळं मिळालं. शनिवारी घरी येतो, जेवतो, गॅरेजकडे फिरकत नाही. परवा मंडळात कुणीतरी विचारलं तर मी छाती फुगवून सांगितलं, "मुलगा रेस ड्रायव्हर आहे!" तो म्हणाला, "वा! पुढची रेस कधी?"

ड्रॉवरमध्ये अकरा पास आहेत, सगळ्यांच्या तारखा उलटून गेलेल्या. नवा सीझन फेब्रुवारीत सुरू होईल. पोस्टाची पेटी हल्ली मी सुचित्राला उघडू देत नाही, स्वतः जातो. बिलं असतात, जाहिराती असतात. पाकीट नसतं.